कडक उन्हाळा आणि घरची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा चढला की तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. बरेचसे झाडांचे आहेत, काही माणसांचे, कारण बाग नुसती जगवायची नाहीये, तिच्यात बसायचंय पण. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. दिवसभर बाहेर पाय ठेववत नाही. मग बागेत बसायचं तरी कधी?

सूर्य उगवायच्या आसपास. चोवीस तासातलं सगळ्यात कमी तापमान तेव्हा असतं, रात्री झोपायच्या वेळी नाही. बरेच जण संध्याकाळी पाचला खुर्ची घेऊन बाहेर येतात आणि वैतागून आत जातात, पण हवा सगळ्यात जास्त तापते तीच मुळी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, भर बाराला नाही, आणि फरशी, भिंती तर सूर्य गेल्यावरही दोन-तीन तास आतली उष्णता बाहेर सोडत बसतात. घड्याळ बघण्यापेक्षा उघडा तळवा फरशीवर पाच सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर तिथे बसायची वेळ अजून झालेली नाही, आणि कुत्र्या-मांजराला पण तिथून चालवू नका.

दुसरं म्हणजे लोक सकाळचा गार तास छाटणी, झाडलोट, कुंड्या हलवण्यात घालवतात आणि बसायला संध्याकाळची गरम हवा ठेवतात. उलट करा. सकाळी फक्त पाणी (प्रश्न ५), मग निवांत बसायचं, बाकीची कामं अंधार पडायच्या आधी अर्धा तास.

२. सावलीसाठी काय बरं, मोठी छत्री, नेट, वेल की झाड?

झाड असेल तर प्रश्नच मिटला. झाडाची पानं सतत पाणी बाहेर टाकत असतात म्हणून ती स्वतः फारशी तापत नाहीत, कापडाचं किंवा पत्र्याचं छप्पर मात्र तापतं आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर उष्णता फेकत राहतं. म्हणून छत्री घ्यायचीच असेल तर वरच्या टोकाला हवा जायला फट असलेली, डबल कापडाची आणि फिक्या रंगाची घ्या, गरम हवा त्या फटीतून वर निघून जाते. मांडवावर चढवलेला वेल हा झाडाच्या खालोखाल उत्तम उपाय, फक्त त्याला एक-दोन सीझन द्यावे लागतात, लावला आणि पुढच्या महिन्यात सावली असं होत नाही.

पण खरी गंमत वेगळीच आहे. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं आणि डोक्यावरची छत्री काहीच कामाची राहत नाही, ऊन खालून आत शिरतं. त्यामुळे पश्चिमेच्या बाजूला उभा आडोसा पाहिजे, बांबूची चिक, जाळीवर वेल, किंवा उंच कुंड्यांची रांग. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी वरच्या छपराऐवजी या आडोशावर घालीन.

३. संध्याकाळी फरशीवर पाणी मारलं की खरंच गार होतं का, की मनाचं समाधान?

खरंच होतं, पण हवा कोरडी असेल तरच. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण 0.68 युनिट विजेएवढी उष्णता सोबत घेऊन जातं, म्हणजे एका बादलीचा परिणाम चांगलाच जाणवतो. दमट हवेत मात्र पाणी नीट उडत नाही आणि नुसता कोंदटपणा वाढतो. मिस्ट मारणाऱ्या नोझलचंही हेच, कोरड्या हवेत मस्त, दमट जागी कपडे ओले होण्याशिवाय काही नाही. तिथे साधा पंखा लावा, चाळिसाच्या खाली असेल तोवर. हवेचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की पंखा उलट शरीराला तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे.

पाणी मारायची वेळ म्हणजे त्या जागेवरचं ऊन हटल्यानंतर. भर उन्हात मारलेलं पाणी दहा मिनिटांत उडून जातं आणि फरशी परत होती तशी. आणि यासाठी प्यायचं पाणी कशाला, एसीचं चालतं की (प्रश्न १४).

४. दुपारी झाडं माना टाकतात, लगेच पाणी घालू का?

आधी बोट मातीत दोन पेरं घाला. आत ओल लागली तर काही करू नका. भोपळा, काकडी, टोमॅटो, हायड्रेंजिया अशी मोठ्या किंवा पातळ पानांची झाडं भर दुपारी माती ओली असतानाही मान टाकतात, कारण पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं वर पाठवू शकत नाहीत. संध्याकाळी आपोआप उभी राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही झाड तसंच लोंबलेलं असेल तर तो खरा सिग्नल.

इथेच सगळ्यात जास्त झाडं मरतात, तहानेने नाही, प्रेमाने. दुपारी मान टाकलेली बघून रोज तांब्याभर ओतायचं, माती सतत चिखल, मुळांना हवा नाही, मुळं कुजतात, आणि मुळं कुजलेलं झाड दिसतं कसं तर तहानलेल्यासारखंच, म्हणून आणखी पाणी. माती ओली आणि झाड सकाळीही मलूल असेल तर पाणी बंद करा आणि कुंडीचं खालचं भोक तुंबलंय का बघा.

५. पाणी किती आणि केव्हा घालायचं?

सकाळी लवकर, भरपूर आणि सावकाश. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्या दोन इंचातच राहतात आणि नेमका तोच थर सगळ्यात आधी तापतो आणि सुकतो. जमिनीतल्या झाडांना एक-दोन दिवसाआड पण असं पाणी द्या की वीतभर खोल ओल गेली पाहिजे, एक काडी खुपसून चेक करता येतं. कुंड्यांचं वेगळं, लहान कुंडीला कडक उन्हात दिवसातून दोनदा पण लागू शकतं, तिथे नियम नाही, माती बघून ठरवायचं.

सकाळी जमलंच नाही तर संध्याकाळी घाला, पण पानांवर नाही, बुंध्याशी. उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम असतं, ते आधी बाजूला सोडून द्या, थेट रोपावर नको.

आणि पाण्यापेक्षा मोठं काम मातीवरचं आच्छादन करतं. सुका पाला, वाळलेलं गवत, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते दोन-तीन इंच जाड पसरा, फक्त खोडापासून दोन बोटं लांब ठेवा नाहीतर खोड कुजतं. माती उघडी ठेवून पाणी वाढवत बसण्यात काहीही अर्थ नाही.

६. पाणी घातलं की कुंडीतून सरळ खाली निघून जातं आणि माती कोरडीच, असं का?

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा खताळ मिश्रण एकदा पूर्ण सुकलं की ते पाणी धरत नाही, उलट ढकलतं, आणि आकसून कुंडीच्या कडेला फट पडते त्यातून सगळं पाणी पळतं. वरून कितीही ओता. कुंडी टबात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, मग बाहेर काढून निथळू द्या. उचलता येत नसेल इतकी मोठी असेल तर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने थोडं थोडं असं तीन-चार वेळा घाला.

७. उन्हात पानांवर थेंब राहिले की ते भिंगासारखं काम करून पान जाळतात ना?

गुळगुळीत पानांवर नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे प्रयोग करून तपासलं, साध्या सपाट पानावर थेंबाचा फोकस पानाच्या खाली पडतो आणि जळण्याआधी थेंबच उडून जातो. मेणासारखी लव असलेल्या पानांवर थेंब केसांवर अधांतरी राहतो, तिथे डाग पडू शकतो. तरी दुपारी फवारत बसू नका, जळण्याच्या भीतीने नाही, तर अर्धं पाणी वाया जातं म्हणून.

८. कुंड्या हात लावता येणार नाही इतक्या तापतात. काय करू?

हा बाल्कनी-गच्चीवाल्यांचा एक नंबरचा प्रश्न आहे आणि लोक पानांकडे बघत बसतात, खरा मार मुळांना बसतो. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू 50 अंशांच्या वर सहज जाते, आणि चाळिशीच्या पुढे बहुतेक मुळं काम सोडतात. म्हणून त्याच बाजूची मुळं मेलेली सापडतात.

सोपे उपाय: कुंडी तिच्यापेक्षा मोठ्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत सुका पाला भरा. बाहेरून पांढरा रंग मारा किंवा पोतं गुंडाळा. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून घोळक्यात ठेवा, मोठ्या बाहेर आणि छोट्या आत, म्हणजे बाहेरच्या ऊन झेलतात आणि आतल्या एकमेकींच्या सावलीत राहतात. थेट फरशीवर नको, विटेवर किंवा स्टँडवर. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडतं म्हणून ती गार राहते, पण त्यामुळेच सुकतेही लवकर, म्हणजे पाणी घालायला माणूस घरी असेल तर माती, नसेल तर फिक्या रंगाचं जाड प्लास्टिक.

९. शेडनेट किती टक्क्यांचं घेऊ? हिरवं की पांढरं?

टक्के म्हणजे नेट किती ऊन अडवतं ते. भाज्यांना 30 ते 50 टक्के, शोभेच्या झाडांना 50, फर्न-ऑर्किडसारख्या सावलीतल्यांना 75. लोक घाबरून सरसकट 75 किंवा 90 घेतात आणि मग विचारतात फुलं का येत नाहीत, उजेडच नाही तर येणार कुठून. रंगात पांढरं किंवा चंदेरी नेट ऊन परत फेकतं, गडद नेट स्वतः तापतं. झाडाला टेकवून बांधू नका, वर निदान दीड-दोन फूट मोकळी जागा पाहिजे आणि बाजू उघड्या, नाहीतर आत हवा कोंडते. मोगरा, बोगनवेल, सदाफुली यांना नेटखाली घेऊ नका, ती उन्हातच खूश असतात.

१०. टोमॅटो, मिरचीला फुलं येतात आणि गळतात. खत कमी पडतंय का?

खत नाही, ऊन. टोमॅटोचा पराग दिवसा साधारण 35 आणि रात्री 24 अंशांच्या वर निकामी व्हायला लागतो, मग फूल गळणारच. रात्रीचं तापमान जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याला आपण फार काही करू शकत नाही. झाड उपटू नका, 40 टक्के सावली द्या, पाणी नियमित ठेवा, रात्री गार व्हायला लागल्या की तेच झाड परत धरतं. आधी लागलेले टोमॅटो लाल न होता पिवळे-केशरी राहत असतील तर तेही उष्णतेमुळेच, 30 अंशांच्या वर लाल रंग नीट बनत नाही, तोडून घरात ठेवा, आत पिकतात. फळाचा बूड काळा पडत असेल तर ते कधी सुकं कधी चिखल अशा पाण्यामुळे, प्रश्न ५ बघा.

भोपळा-काकडीवर्गात गरमीत नर फुलं जास्त आणि मादी कमी येतात. मादी फुलाखाली बारकं फळ दिसतं, सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचा पराग तिला हाताने लावा. कोथिंबीर आणि पालक या दिवसात तुरा काढणार, त्याच्याशी भांडू नका. भेंडी, गवार, चवळी लावा, त्यांना हे हवामान चालतं.

११. संध्याकाळी बसल्यावर छान वाटेल अशी झाडं सांगा.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. उन्हाळ्यात बाग अंधारात अनुभवायची असते, म्हणून दिवसा सुंदर दिसणाऱ्या झाडांपेक्षा रात्री जागी होणारी झाडं बसायच्या जागेजवळ आणा. गुलबक्षी उतरत्या दुपारी उमलते आणि रात्रभर मंद वास देते, वर काही काळजीही मागत नाही. मोगरा तर गरमी वाढेल तसा बहरतो, फक्त त्याला दिवसभर ऊन द्या आणि कुंडी संध्याकाळी सरकवून जवळ घ्या. निशिगंध, जाई, जुई, चाफा. रातराणीचा वास काहींना डोक्यात जातो, म्हणून ती खिडकीला चिकटून नको, जरा लांब, वाऱ्याच्या दिशेला.

रात्री फुलणारी फुलं बहुतेक पांढरी किंवा फिकी असतात कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पतंग, आणि त्यांना अंधारात रंग नाही तर फिकेपणा आणि वास सापडतो. आपल्यालाही तेच दिसतं. मोठा पांढरा लाईट लावून सगळं घालवू नका, एखादा मंद पिवळा दिवा पुरतो आणि किडेही कमी येतात. चिनी गुलाब मात्र संध्याकाळसाठी बाद, सकाळी कितीही भारी दिसला तरी दुपारनंतर मिटतो.

१२. या दिवसात खत, छाटणी, रिपॉटिंग (कुंडी बदलणं) करू का?

नको. तापलेलं झाड वाढायच्या मूडमध्ये नसतं, खतातले क्षार कोरड्या मातीत साचून मुळं जाळतात. छाटणी केली की आतली आजवर सावलीत असलेली पानं आणि खोड एकदम उन्हात येतात आणि भाजतात. रिपॉटिंगमध्ये बारीक मुळं तुटतात, नेमकी पाणी ओढणारी. करपलेली पानंसुद्धा कापू नका, दिसायला वाईट दिसतात कबूल, पण ती खालच्या पानांवर सावली धरून आहेत. अपवाद फक्त कुजलेल्या किंवा कीड लागलेल्या फांदीचा.

नर्सरीतून आणलेलं किंवा घरातलं झाड थेट उन्हात ठेवू नका, आठवडा-दीड आठवडा सकाळचं ऊन थोडं थोडं वाढवत न्या.

१३. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळ्या. नीम तेल मारू?

लाल कोळी आहे. गरम कोरड्या हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते म्हणून एकदम पसरल्यासारखं वाटतं. पहिला उपाय पाणी, पानांच्या खालच्या बाजूला जोराचा फवारा, सकाळी, दोन-तीन दिवसाआड. नीम तेल चालतं पण हवा 32 अंशांच्या वर असताना कुठलंही तेल पानं भाजतं, म्हणून फक्त सूर्य मावळल्यावर, आणि आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबा. साधं कीटकनाशक मारू नका, कोळी हा कीटकच नाही, त्याला खाणारे मरतात आणि तो वाढतो.

१४. एसीचं, आरओचं, कपड्यांचं पाणी झाडांना चालतं का?

एसीचं चालतं. ते हवेतलंच पाणी आहे, क्षार जवळजवळ नसतात. पक्ष्यांना प्यायला मात्र ते ठेवू नका, ट्रे आणि पाईप आतून स्वच्छ नसतात.

आरओमधून वाया जाणाऱ्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, कुंड्यांना रोज तेच दिलं की मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात. फरशी धुवायला वापरा, किंवा जमिनीतल्या मोठ्या झाडांना अधूनमधून. कपड्यांच्या साबणाचं पाणी कुंड्यांना आणि खायच्या भाज्यांना नकोच, ब्लीच असेल तर कुठेच नको.

१५. पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं की डास होतात. मग ठेवायचं की नाही?

ठेवायचं, पण रोज बदलायचं आणि आठवड्यातून दोनदा भांडं घासायचं. नुसतं ओतून देणं पुरत नाही, डेंगी पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात, पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, गरमीत त्याहून कमी. भांडं पसरट, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको आणि आत एक-दोन दगड, म्हणजे मधमाश्यांनाही बसून पिता येतं. बहुतेक वेळा डास पक्ष्यांच्या भांड्यातून नाही तर कुंड्यांखालच्या ताटल्यांतून येतात, आधी त्या बघा.

१६. सक्युलंट (जाड, रसाळ पानांची झाडं) तर वाळवंटातली, त्यांना एवढ्या उन्हाचा काय त्रास?

वाळवंटात रात्र गार होते. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवून रात्री उघडतात, आणि रात्रही तापलेलीच असेल तर बरीचशी कामच थांबवून झोपून जातात. झोपलेल्या झाडाला पाणी भरलं की सडतं. दुपारची सावली, माती पूर्ण सुकल्यावरच थोडं पाणी, तेही सूर्य मावळल्यावर. प्रश्न ५ मधलं भरपूर पाणी यांना लागू नाही.

१७. लॉन पिवळं पडलंय, मेलं का? त्यापेक्षा आर्टिफिशियल टाकू का?

बहुतेक झोपलंय. एकतर नियमित खोल पाणी द्या किंवा झोपू द्या, आज पाणी उद्या नाही असं केलं की ते सारखं उठतं आणि दमतं. कापायचं तर उंच ठेवा, एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही. आर्टिफिशियल गवत कडक उन्हात 60 अंशांच्या वर जातं, अनवाणी मुलं खेळणार असतील तर विचारच करू नका.

१८. पंधरा दिवस बाहेरगावी जातोय, झाडांचं काय?

सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र करा, निम्मं काम तिथेच होतं. उलटी बाटली खोचायचा उपाय सगळे सांगतात पण मोकळ्या मिश्रणात ती काही तासात रिकामी होते, पंधरा दिवस विसरा. मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाणी भरा आणि झाकण ठेवा, माती सुकेल तसं पाणी झिरपत राहतं, मोठं मडकं असेल तर बरेच दिवस पुरतं. टायमरवालं ड्रिप सगळ्यात खात्रीचं, पण निघायच्या आदल्या दिवशी बसवू नका, निदान चार दिवस आधी लावून बघा, कुठलं तरी एक तोंड हमखास तुंबलेलं निघतं.

१९. बागेत काम करताना एकदम चक्कर आली, डोकं दुखायला लागलं. हे नॉर्मल आहे का?

नाही. लगेच सावलीत, कपडे सैल, अंगावर पाणी, घोट घोट पाणी प्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी, आणि आधी अँब्युलन्स बोलवा, ती येईपर्यंत मान, काख, जांघ इथे गार पाणी किंवा ओलं कापड आणि वारा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

लघवी वाढवणाऱ्या किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर उष्णता लवकर बाधते, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, रुंद काठाची टोपी, आणि एकट्याने गच्चीवर जाताना घरात सांगून जा. गरमीची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून उन्हाळ्याच्या पहिल्याच लाटेत तासभर खोदकाम काढू नका.